वीसपैकी तीन

बाबांनी वर्गाच्या फरशीवर तेलरंगाने चौकोन आखले होते. एका मुलाला एक चौकोन, दोन चौकोनांमध्ये हातभर मोकळी जागा. कुणाचा गुडघा बाहेर आला की त्यावर छडी टेकायची. मारायची नाही, नुसती टेकायची. आणि लिहिताना डावा हात पाटीपुढे आडवा. शेजाऱ्याचं बघणं म्हणजे चोरी, आणि आपलं दाखवणं म्हणजे चोराला दार उघडून देणं. गावातली चाळिशीच्या आतली सगळी माणसं अशीच शिकली. अजूनही कुणी दुकानात सही करायला वाकलं की डावा हात आपोआप आडवा येतो.

बाबा थंडी सरता सरता गेले. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. सत्राच्या मध्यावर दुसरा शिक्षक मिळेना, म्हणून मी शहरातल्या शाळेतून बदली मागून घेतली. त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर त्यांचा रुमाल होता. तो घडी करून खणात ठेवला, खण बंद केला आणि हजेरी घेतली.

हजेरीत सातवीची सोळा नावं, वर्गात आठ डोकी.

"बाकीचे?"

"पाण्याला गेलेत, बाई."

उन्हाळा लागायच्या आतच विहिरी तळाला गेल्या होत्या. दिवसाआड टँकर यायचा. मोठी माणसं कामावर, त्यामुळे घरातलं मोठं पोर हंडे घेऊन रांगेत. आज आलेल्यांना अपूर्णांक शिकवावा तर उद्या येणारे कोरे. उद्या पुन्हा तेच शिकवावं तर आजचे जांभया देणार. आणि सातवीला अडीच महिन्यांवर परीक्षा. ती तालुक्याच्या केंद्रावर होते. जो पास होतो तो तिथल्या हायस्कूलला जातो, जो नापास होतो तो घरच्या कामाला लागतो.

मी चार-चार जणांचे गट केले. प्रत्येक गटातली दोघं एका दिवशी रांगेत, दोघं वर्गात. जो आला त्याने न आलेल्याला शिकवायचं. याबद्दल मी पुस्तकांतून पुष्कळ वाचलं होतं, शहरात थोडंफार करूनही पाहिलं होतं. चौकोन सोडून मुलं पहिल्यांदा समोरासमोर तोंड करून बसली. पहिला तासभर कुणी बोललं नाही. प्रत्येक गटात चार डावे हात आडवे होते.

तिसऱ्या दिवशी पंपवाला दारात उभा राहिला. त्याचं पंपदुरुस्तीचं दुकान आहे, शेत आहे, आणि तो शाळा समितीचा अध्यक्ष आहे. चप्पल बाहेर काढून तो आत आला, चौकोनांवर पाय न देता, मधल्या मोकळ्या जागेतून. बाबांचा विद्यार्थी.

"बाई, हे काय चाललंय? वर्ग आहे की चहाची टपरी?"

"गट केलेत. एकमेकांना शिकवतायत."

"माझी पोर शिकायला येते, शिकवायला नाही."

त्याची मुलगी वर्गात पहिली. वाद घालण्यात कुणाला हार जात नाही म्हणून पोरं तिला वकील म्हणतात. ती खाली मान घालून नखाने फरशीवरचा रंग खरवडत होती.

"शिकवल्याने तिचंही पक्कं होतं," मी म्हटलं.

"मास्तरांना जाऊन दोन महिने झाले नाहीत." त्याचा आवाज उतरला. "त्यांच्याच वर्गात, त्यांच्याच मुलीने कॉपी शिकवावी? गाव काय म्हणेल? मी काय म्हणू?"

मी एवढंच म्हणाले, "परीक्षेपर्यंत करू द्या."

तो फळ्याकडे बघत म्हणाला, "परीक्षेपर्यंत. एक जरी पोर मागे पडलं तर परत ओळी."

*

मागे पडलेलं पोर माझ्याच घरात होतं.

दादा विहिरी खोल करतो. दुष्काळ हा त्याचा हंगाम. त्या वर्षी तो पंपवाल्याच्याच विहिरीत होता. तो आणि त्याचा जोडीदार खाली पहार-घण घेऊन, वर वहिनी आणि एक बिगारी यारीवर. यारी म्हणजे लोखंडी खांब, कप्पी, दोर आणि दोराला टांगलेला डबा. दोघांनी दोन बाजूंनी दांडा फिरवला की दगडांनी भरलेला डबा वर येतो. संध्याकाळी दोघं घरी यायची तेव्हा भुवयांपर्यंत दगडाची पांढरी भुकटी. वहिनी आधी दादाच्या तळव्यांना तेल चोळायची, मग स्वतःच्या.

त्यांची मुलगी सातवीत. बोलत नाही म्हणून सगळे तिला घुम्मी म्हणतात, घरातसुद्धा. मी घरी तिची आत्या, शाळेत बाई. शाळेत ती माझ्याकडे अनोळखी असल्यासारखी बघायची, आणि ते मला बरं वाटायचं.

पहिल्या चाचणीचे कागद मी घरी आणले. दादाने वरचाच कागद उचलला.

"वीसपैकी तीन."

"सुरुवात आहे रे."

"सहा वर्षं झाली सुरुवातीला." कागद त्याने जपून परत ठेवला. "हे बघ, मी पोरीला बोल लावत नाही. माझंच डोकं आलंय तिच्याकडे. पण बिगारी आज आहे, उद्या नाही. ही यंदा नापास झाली तर यारीवर येईल. निदान माझ्या डोळ्यांसमोर असेल."

वहिनी तव्याकडे बघत म्हणाली, "वन्सं, मी दांडा फिरवते ना, तो संध्याकाळी हातातून जात नाही. भांडं घासताना पण हात गोल फिरतो." मग हसली. "भांडी मात्र छान निघतात."

घुम्मी दाराशी बसून चप्पल शिवत होती. तिने दोरा दातांनी तोडला आणि उठून गेली.

*

गट बोलायला लागले, पण एकच बोलायचा. वकील गणित सोडवायची आणि तिच्या गटातले तिघं उतरवून घ्यायचे. म्हणजे पंपवाल्याचं म्हणणं खरं होत होतं. मग मी एक युक्ती काढली. दर शनिवारी चाचणी. पण सगळ्यांची नाही. प्रत्येक गटातून एका नावाची चिठ्ठी काढायची, त्या एकाने फळ्यावर गणितं सोडवायची, आणि त्याचे गुण ते सगळ्या गटाचे. कुणाची चिठ्ठी निघेल ते माहीत नाही, तेव्हा चौघांनाही गणित यायला हवं. मी स्वतःवर खूश होते.

चिठ्ठ्या चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात. पहिल्या शनिवारी वर्गात अशी शांतता की डबा हलवल्याचा आवाज बाहेर मैदानापर्यंत गेला असेल. तीन आठवड्यांत गुण चढले. वकिलीणबाईंच्या गटाला सतरा, अठरा, अठरा. गटात वकील, शिंप्याचा मुलगा, गोटी नावाची एक बुटकी, खट्याळ मुलगी, आणि घुम्मी. मी पंपवाल्याला रस्त्यात थांबवून गुण सांगितले. तो "बघू" म्हणाला, पण मान हलवली.

चौथ्या शनिवारी दुपारी मी विहिरीवर जेवणाचा डबा घेऊन गेले. वहिनी सावलीत बसली होती.

"शनिवारी शाळा लवकर सोडता ते बरं करता," ती म्हणाली. "घुम्मी दहालाच येते. दगड बाजूला लावू लागते."

"दहाला?"

"शनिवारी मोठ्या मुलांना सुट्टी असते ना?"

शाळेत परतून मी हजेरीपट काढून पाहिला. चार शनिवार. पोटदुखी, पोटदुखी, पाणी, पोटदुखी; गटाने सांगितलं तेच मी लिहून घेतलं होतं, घरी विचारलं नव्हतं. आणि ते फक्त घुम्मीचं नव्हतं. दुसऱ्या गटातला तोतरा मुलगा दोन शनिवार नव्हता. तिसऱ्यातली बकऱ्या राखणारी तीन. जो आला नाही त्याची चिठ्ठी मी डब्यात टाकत नव्हते. इतकं साधं होतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी चौघांना थांबवलं.

"शनिवारी घुम्मी का येत नाही?"

वकील कधी नव्हे ती गप्प. गोटीने छताकडे बघितलं. शिंप्याच्या मुलाला खोटं बोलताना घाम फुटतो. तो आधीच फुटला होता.

"बाई, आम्ही हाकललं नाही तिला. आम्ही तिला सुट्टी दिली."

"तुम्ही कोण सुट्टी देणारे?"

"म्हणजे..." त्याने कपाळ पुसलं. "तिच्या पण भल्याचं होतं. फळ्यापुढे उभं राहायला तिला लाज वाटते."

"आणि आम्ही तिला दर शनिवारी एक पेन्सिल देतो," गोटी म्हणाली. "फुकट नाही."

मला हसू आलं. मी घुम्मीकडे बघितलं. ती माझ्या पायांकडे बघत होती.

"मीच म्हटलं त्यांना," ती म्हणाली. शाळेत मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकत होते. "माझी चिठ्ठी निघाली की यांचं नुकसान. मग कशाला यायचं?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. हिशेब होता, आणि तो बरोबर होता. मी असा नियम केला होता की घुम्मी असणं हाच गटाचा तोटा. मुलांनी फक्त तो पाळला होता. बाबांनी चौकोनात बसवून जे केलं नसतं ते मी चौकोन मोडून केलं होतं. त्यांच्या वर्गात निदान प्रत्येकाला एक जागा होती.

*

त्या आठवड्यात विहिरीवर वाद झाला. मी शाळेतून परतताना आवाज ऐकून तिकडे वळले. पंपवाल्याने दोराला गाठी मारून खोली मोजली होती आणि दोर दादाच्या तोंडासमोर धरला होता.

"पहिल्या आठवड्यात नऊ फूट. या आठवड्यात दीड. मी काय समजायचं? सावलीला बसला होतात?"

दादा नुकताच वर आला होता. त्याने पाण्याने चूळ भरली, थुंकला, पाणी पांढरं.

"पहिले नऊ फूट मुरूम होता. हाताने उकरला असता तुम्ही. आता खडक लागलाय."

"फूट तो फूट."

"फूट तो फूट?" दादाने खिशातून एक छिन्नी काढली. तिचं टोक चपटं झालं होतं, गुलाबाच्या कळीसारखं बाहेर वळलेलं. "या चार गेल्या दीड फुटात. मुरमात एकही गेली नव्हती. नुसता दोर खाली सोडून मोजू नका. कुठून कुठे आलो ते मोजा, आणि कशातून आलो ते मोजा."

"असं कसं मोजणार? त्याला माप कुठंय?"

"तुम्ही शिकलेले. शोधा."

पंपवाला दोर गुंडाळत निघून गेला. वाद मिटला नाही. पण मी घरी येऊन कंदिलाची काच पुसता पुसता थांबले. मी पण नुसता दोर खाली सोडूनच मोजत होते.

*

शनिवारी मी चहापत्तीचा डबा कपाटावर ठेवून दिला.

"आजपासून चिठ्ठी नाही. सगळे चाचणी देतील, प्रत्येकजण आपापली, मदत न घेता. पण गटाला गुण वेगळ्या तऱ्हेने मिळतील. मागच्या वेळेपेक्षा तुम्ही जितके वर चढलात तितके गटाचे. ज्याला मागे दहा होते आणि पुढच्या शनिवारी बारा आले, त्याचे गटाला दोन."

मग वकिलीणबाईंचा हात वर.

"बाई, मला मागे एकोणीस होते."

"मग?"

"मग मी वीस काढले तरी गटाला एकच?"

"एकच."

"हा अन्याय आहे."

"आणि घुम्मीला मागे तीन," शिंप्याचा मुलगा हळू म्हणाला. बोटांवर काहीतरी मोजलं. "बाई, म्हणजे घुम्मीकडे सतरा आहेत?"

त्या वाक्यावर सगळा वर्ग वळून घुम्मीकडे बघायला लागला. तिने दोन्ही हात मांडीखाली घातले.

"बाई, घुम्मी आमच्यात द्या," मागच्या गटातून आवाज आला. "आम्ही तिच्या बदल्यात मॉनिटर देतो."

"ती आमची आहे," गोटी उभी राहिली. "चार शनिवार पेन्सिली दिल्यात आम्ही."

मला मुलांना शांत करायला छडी टेबलावर आपटावी लागली. त्या खोलीत मी ती एवढी एकदाच वापरली.

त्यानंतर वकीलला खरं काम लागलं. ती घुम्मीला अपूर्णांकांची बेरीज शिकवत होती, एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश. मी फळा पुसत ऐकत होते.

"खालचे दोन गुणायचे, बारा. मग तिरकं गुणायचं. चार आणि तीन, सात. सात छेद बारा. झालं."

"का?" घुम्मीने विचारलं.

"का काय? करतात तसं."

"पण खाली बारा का?"

"कारण तीन चोक बारा!"

"ते कळलं. पण गुणायचं का?"

वकीलने तेच गणित पुन्हा लिहून दाखवलं. तिचे कान लाल झाले. तिला ते येत होतं, पण माहीत नव्हतं. ती उठून माझ्याकडे आली. "बाई, ही मुद्दाम करते."

"मग तूच सांग तिला, का."

"तुम्ही सांगा ना."

"चौघांत बसून शोधा. उद्यापर्यंत."

दुसऱ्या दिवशी शिंप्याच्या मुलाने दुकानातून चिंध्या आणल्या, एका लांबीच्या दोन पट्ट्या कापून. एकीचे तीन भाग केले, दुसरीचे चार. एकीतला एक तुकडा आणि दुसरीतला एक तुकडा शेजारी ठेवले आणि चौघं त्यावर वाकून बसले.

"हे दोन तुकडे झाले," गोटी म्हणाली. "मग दोन म्हणायचं का?"

"कसे दोन? एक मोठा, एक लहान."

गोटीने दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून पाहिले. मग घुम्मी म्हणाली, "बाबांच्या फुटांसारखं आहे हे."

"कसले फूट?"

"मुरमाचा फूट आणि खडकाचा फूट. दोन्ही फूटच, पण एकत्र मोजता येत नाहीत. आधी एका मापाचे करायला लागतात." तिने कात्री घेतली. मोठ्या तुकड्याचे चार भाग केले, लहान्याचे तीन. सात सारखे तुकडे फरशीवर मांडले. "एवढे लहान केले की दोन्हीकडे पुरतात. म्हणून बारा."

वकीलने तुकडे पुन्हा मोजले. सात. मग घुम्मीकडे बघून म्हणाली, "तू हे आधी का नाही सांगितलंस?" जसं काही घुम्मीने इतकी वर्षं ते लपवून ठेवलं होतं.

पुढच्या शनिवारी घुम्मीला आठ पडले. त्यानंतरच्या शनिवारी नऊ. मग पुन्हा सहा, आणि गोटी तिच्याशी दिवसभर बोलली नाही. मग अकरा.

*

परीक्षेला नऊ दिवस असताना बिगारी शहराकडे निघून गेला. दुसऱ्या दिवशी घुम्मी शाळेत आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. कारण घरातलंच, मला माहीत होतं, पण ते मी वर्गात सांगितलं नाही.

दादाला मी म्हटलं होतं, "नऊच दिवस राहिलेत."

"नऊ दिवस विहीर थांबवू? खाली ओल लागलीय. आता थांबलो तर दुसऱ्याला बोलावतील."

"मी येते यारीवर."

"आणि पंधरा पोरांना कोण शिकवेल?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "मला काही कळत नाही असं समजू नकोस."

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी विहिरीकडे गेले तर दगडांच्या ढिगावर दप्तरं पडलेली. यारीच्या दांड्याच्या एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला शिंप्याचा मुलगा आणि वकील दोघं मिळून, दात खाऊन. ढिगावर गोटी आणि घुम्मी वही घेऊन.

"काय चाललंय?"

"बाई, आमचे गुण इथे दगड उचलतायत," शिंप्याचा मुलगा धापा टाकत म्हणाला. "मग आम्हीच आलो."

"वहिनी, तुम्ही यांना..."

"रिकामा डबाच देते त्यांच्या हातात," वहिनी म्हणाली. "भरलेला मी आणि घुम्मी. पण वन्सं, ऐकत नाहीत हो कुणी. ही मुलगी तर माझ्याशी वाद घालते."

खालून दादाचा आवाज आला, पिंपातून यावा तसा. "वर कोण आहे?"

"कुणी नाही!" चौघंही एकदम ओरडली.

आणि नेमका पंपवाला बांधावरून आला. त्याने आपल्या मुलीचे हात बघितले. तळव्यावर एक फोड फुटलेला.

"हे काय? बाई, हे तुमचं शिकवणं? माझी पोर माझ्याच विहिरीवर मजुरी करते?"

"मी आपली आपण आले, बाबा," वकील म्हणाली. "आणि तुमचं माप चुकीचं आहे."

"काय?"

"फूट. मुरमाचा आणि खडकाचा छेद वेगळा आहे. तुम्ही छेद सारखा न करता बेरीज केलीत. परीक्षेत शून्य मिळेल." तिने ढिगावरची वही उचलली. "आम्ही काढलंय. मुरमाचे नऊ फूट किती दिवसांत, खडकाचा दीड किती दिवसांत. बघा."

पंपवाल्याने वही घेतली. तो ती वाचत असताना खालून दादा ओरडला, "डबा सोडा की! झोपलात का?" आणि कुणी काही म्हणायच्या आत पंपवाल्याने वही बगलेत मारली, दांडा धरला आणि वहिनीबरोबर रिकामा डबा खाली सोडला. मग भरलेला वर घेतला. त्याला सवय नव्हती. निम्म्यावर येईपर्यंत त्याची मान लाल झाली.

"वजन बरंच असतं," तो वहिनीला म्हणाला.

"खडक आहे ना," वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून त्याने दुकानातला एक माणूस आठ दिवसांसाठी यारीवर पाठवला. मापाबद्दल अजून "बघू"च म्हणत होता.

त्या संध्याकाळी दादा ओट्यावर हात धूत होता. मी तांब्याने पाणी घालत होते.

"तुला आठवतं," तो म्हणाला, "मी शाळा का सोडली?"

आठवत होतं. तो दीड वर्षाने मोठा, पण एकदा मागे राहिल्यामुळे आम्ही एकाच इयत्तेत होतो, शेजारच्या चौकोनांत. त्याने माझ्या पाटीकडे बघितलं. बाबांनी त्याला उभं केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, धाकट्या बहिणीकडून चोरतोस? दुसऱ्या दिवशी तो मामाच्या गावी निघून गेला, तो शाळेत परत आलाच नाही. बाबांनी त्याला बोलवायला तीनदा माणूस पाठवला. स्वतः गेले नाहीत.

"बाबांनी अपमान केला तुझा."

"त्याचं काही नाही. मी काही उतरवून घेत नव्हतो गं. मला एवढंच बघायचं होतं की तू सुरुवात कुठून करतेस." त्याने हात झटकले. "तू हात आडवा घेतलास."

माझ्या हातातला तांब्या रिकामा झाला होता, तरी मी तो वाकडा धरूनच उभी होते.

"आठ वर्षांची होतीस," तो म्हणाला. "तुला तेच शिकवलं होतं. घाल की पाणी."

मी तांब्या भरून पाणी घातलं.

*

परीक्षेला सोळाही मुलांना पंपवाल्याने आपल्या टेम्पोतून नेलं. दादाने त्या दिवशी काम बंद ठेवलं. यारीचा दोर झिजलाय, तालुक्याहून नवा आणायला हवा, असं त्याने दोनदा सांगितलं, कुणी विचारलं नसताना. दोर त्याने पंधरा मिनिटांत घेतला आणि मग तीन तास केंद्राच्या फाटकाशी, तो दोर मांडीवर घेऊन बसला. पंपवाला टेम्पोच्या सावलीत. दोघांच्या मध्ये झाडाखाली मी.

आत प्रत्येकाला वेगळा बाक होता, आपापली प्रश्नपत्रिका. तिथे गट नव्हता. मला बाबांची फार आठवण झाली. त्यांनी या केंद्रावर बत्तीस वर्षं मुलं आणून सोडली, आणि कदाचित याच झाडाखाली थांबले असतील. कुणाशी बोलत असतील का, कुणास ठाऊक.

घंटा झाली. आधी गोटी धावत आली, मग वकील, मग शिंप्याचा मुलगा घाम पुसत. घुम्मी सगळ्यांत शेवटी, पट्टी आणि पेन मुठीत घट्ट धरून. दादा उठून उभा राहिला.

"आलं का?"

"सगळं नाही." तिने विचार केला. "बरंच आलं. पाचवा सोडला. नववा केलाय, पण बरोबर आहे का माहीत नाही." आणि त्याच्या पुढ्यातून निघून ती वकीलकडे गेली. "पाचवा कसा केलास?"

"पाचव्यात टाकी अर्धी भरलेली आहे, ते वाचलंस का?"

"वाचलं. पण मग गळती कुठून धरायची?"

"मी वरून धरली."

"मी खालून," शिंप्याचा मुलगा म्हणाला. "माझं उत्तर वेगळं आलं."

"कुणीतरी चुकलंय," गोटी आनंदाने म्हणाली.

चौघं तिथेच मातीत बसली. घुम्मीने काडी उचलून टाकी काढली. आमच्या बाकीच्या मुलांनीही एक-एक करून भोवती कोंडाळं केलं. पेपर देऊन झाला होता, त्यात आता काही बदलणार नव्हतं. तरी कुणी उठेना.

पंपवाल्याने टेम्पोत बसून हॉर्न वाजवला. कुणी वर बघितलं नाही.

दादा खिडकीशी गेला. "थांबा जरा. आणि यारीसाठी कुणी माणूस असेल ओळखीत तर सांगा. कायमचा हवाय."

"पोरगी आहे की तुमची."

"ती हायस्कूलला जाईल."

"निकाल तर लागू दे."

"नाही झाली पास तर पुन्हा बसेल. पुढच्या वर्षी बसेल." दादाने दोराचं वेटोळं टेम्पोत टाकलं. मुलांकडे बघत तो म्हणाला, "अजून वेळ आहे त्यांना. तुम्ही चहा घेता का?"

पंपवाला खाली उतरला आणि दोघं रस्ता ओलांडून टपरीकडे गेले.